नाम, रूप आणि योग : आयर्लंडचा धडा

सन १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमध्ये एक असाधारण उपक्रम झाला. तेथील लोकसाहित्य आयोगाच्या प्रेरणेने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या व शेजारच्या वृद्धांना विचारून गावच्या कथा, चालीरीती आणि घरगुती उपचार वह्यांत उतरवून घेतले. हा संग्रह आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथे सुरक्षित आहे.

तेथील वनौषधींची परंपरा वैद्यास परकी वाटत नाही. नेटल या झोंबणाऱ्या वनस्पतीचा दाह झाल्यास डॉकचे पान चोळावे. कास असता कॅरगीन हे सागरी शेवाळ दुधात उकळून द्यावे. जखमेवर ‘स्लॉनलुस’ची पाने ठेचून बांधावीत. ही स्लॉनलुस आपल्या इसबगोलाच्याच प्रजातीतील आहे.

परंतु केवळ संग्रहाने चिकित्सा सिद्ध होत नाही. अस्थिभग्नावर व मुरगळण्यावर लोकप्रिय असलेल्या कॉम्फ्रे या वनस्पतीतील पायरोलिझिडिन अल्कलॉइडे यकृतास घातक ठरल्याने तिच्या आभ्यंतर प्रयोगावर अनेक देशांनी निर्बंध घातले. शिवाय फुलोऱ्यापूर्वी फॉक्सग्लव्हची पाने कॉम्फ्रेची समजून सेवन केल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. हेच फॉक्सग्लव्ह विल्यम विदरिंग यांनी इंग्लंडमध्ये लोकवैद्यकातून उचलले, रुग्णांवर मात्रा पारखली आणि १७८५ मध्ये यशापयशासह ग्रंथबद्ध केले. हृद्रोगात त्याचे स्थान पुढे निश्चित झाले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रथमाध्यायातच हा विवेक सांगितला आहे. गुराखी, मेंढपाळ व वनवासी औषधी नामरूपाने जाणतात. त्यांचा योग जाणणारा तो खरा तत्त्वविद्. म्हणजे वनवासीयांचे ज्ञान त्याज्य नव्हे, ती पहिली पायरी आहे. आपण मात्र ती पायरीच विसरत चाललो आहोत. रास्ना म्हणून एका प्रांतात प्लुचिया, तर दुसऱ्या प्रांतात कुलिंजनाची जाती विकली जाते. चूर्ण झाल्यावर रूप नाहीसे होते आणि पाकिटावर उरते ते केवळ नाम.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. आयुर्वेद महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या तालुक्यातील वैदू, सुईणी व वृद्ध शेतकऱ्यांकडील माहिती, सांगणाऱ्याच्या संमतीने व नावानिशी, नोंदवून घ्यावी. औषधी दुकानदार व निर्मात्यांनी खरेदी केलेल्या प्रत्येक द्रव्याचा अखंड नमुना, लॅटिन नाव व प्राप्तिस्थान जपून ठेवावे. आयर्लंडने हे काम शाळकरी मुलांकडून दोन वर्षांत करून घेतले. आपल्याकडे तर पदवीधर वैद्य आहेत. सांगणारी पिढी मात्र फार काळ थांबणार नाही.