'हॅड'चं काय चुकलं?

मनोरची मुलं बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत मुलाखतीला जातात आणि बोलून जातात, "आय हॅड गॉन टू पालघर यस्टरडे." समोरचा साहेब हसतो. मला हे हसणं पटत नाही.

चूक आहेच, पण ती अडाणीपणाची नाही, मराठीच्या सवयीची आहे. बघा, नुसतं "पालघरला गेला" म्हटलं तर माणूस अजून तिकडेच असू शकतो. "गेला होता" म्हटलं की गेला, परत आला, विषय संपला! एवढं काम आपला 'होता' एकटा करतो.

इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र मागच्या काळातल्या दोन गोष्टी लागतात. मी स्टेशनात पोचलो, त्याआधीच गाडी सुटली होती, म्हणून "द ट्रेन हॅड लेफ्ट." कालच्या पालघरला साधं 'वेन्ट' पुरे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. इकडे कित्येक घरांत बोली वारली, शाळेत प्रमाण मराठी, म्हणजे इंग्रजी तिसरी. अशा पोरांकडून 'हॅड अधिक तिसरं रूप' नुसतं घोकून घेऊन काय होणार? आधी त्यांच्या तोंडातल्या 'होता'चा अर्थ उलगडून सांगा. 'हॅड' मग आपोआप जागेवर बसेल.

असो. तुमचा अनुभव काय?