निबंधाआधी सुरूच्या बनात जाऊ या

‘समुद्रकिनारी एक तास’ किंवा ‘वनातील फेरफटका’ हा निबंध दिला की वहीत काय येणार, हे तपासायच्या आधीच आपल्याला पाठ असतं. निळेशार आकाश, फेसाळणाऱ्या लाटा, पक्ष्यांचा किलबिलाट, मंद वाऱ्यावर डोलणारी हिरवीगार झाडे. सगळ्या वह्यांत तोच समुद्र आणि तीच झाडं! बरं, ही मुलं कुठली? श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातली. घरामागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि बनापलीकडे पुळण. तरी निबंधातलं जंगल मात्र गाईडमधलं.

माझं मत स्पष्ट आहे. हा निबंध घोकून घेणं बंद करावं. मुलांना त्या बनातून अर्धा तास चालवून आणावं आणि त्यांनी काय पाहिलं, त्याला गुण द्यावेत. त्यासाठी सहल नको, बस नको, वर्गणी तर नकोच.

“एकच तर झाड सगळीकडे, त्यात बघायचं काय?” असं एका सहकाऱ्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. सुरूची एक हिरवी काडी मुलाच्या हातात द्या आणि विचारा, हे पान का? सगळे ‘हो’ म्हणतील. आता ती काडी हलक्या हाताने ओढायला सांगा. ती पेऱ्यावर सुटते. त्या पेऱ्यावर बारीक खवल्यांचं कडं दिसतं, ती खरी पानं. हिरवी काडी म्हणजे डहाळी! पानं इतकी लहान म्हणून पाणी कमी उडतं आणि खाऱ्या वाऱ्यात झाड तग धरतं. मुळांवरच्या गाठींमध्ये सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणूनच निकस वाळूतही सुरू वाढतो. खाली पडलेल्या काड्यांची गादी तुडवताना पाय आवाज करत नाहीत, आणि त्या गादीतून दुसरं फारसं काही उगवतही नाही. हे का, एवढ्या एका प्रश्नावर तास सरतो.

पुढे बन संपतं तिथे मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते. तिला असं नाव का पडलं असेल, हे मुलांनाच सांगू द्या. ओहोटीला त्यापुढच्या ओल्या वाळूत खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांची नक्षी दिसते.

मोठ्या मुलांना जरा अवघड प्रश्न द्यावा. सुरू मूळचा आपल्या कोकणातला नाही, तो आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा. वारा आणि उडती वाळू अडवायला तो इथे लावला गेला. पण ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीला अंडी घालायला मोकळी वाळू लागते. मग सुरू पाण्याच्या किती जवळ लावावा? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यात सुरू, नारळ, पोफळी आडव्या झाल्या, ते घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना विचारून या म्हणावं. या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये नाही, म्हणूनच तो विचारायचा.

आता भाषेचं. एखादी मुलगी ‘पुळणीवर कुर्ल्या धावत होत्या’ असं लिहिते आणि आपलं लाल पेन ते खोडून ‘वाळूवर खेकडे’ करतं. का? पुळण हा काय अशुद्ध शब्द आहे? तिच्या आजीचा तो रोजचा शब्द. भूगोलात आपण ‘मतलई वारे’ शिकवतो, तो शब्दही दर्यावर जाणाऱ्यांच्या तोंडी असतोच की. पुस्तकात आला म्हणून तो चालतो, आणि वहीत आलेली पुळण चालत नाही! हे मला पटत नाही. असे दोन-चार शब्द खोडले गेले की मूल गप्प बसतं आणि पुन्हा फेसाळणाऱ्या लाटांकडे वळतं.

पालकांची धास्ती मात्र खरी आहे. २०१६ साली मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, हे कुणी विसरलेलं नाही. म्हणून नियम एकच आणि पक्का: ही फेरी झाडांची आहे, पाण्यात पाय घालायचा नाही. पालकांची लेखी संमती घ्यावी, दोन मोठी माणसं पाण्याच्या बाजूने चालावीत, आणि वेळ ओहोटीचीच निवडावी. ती काढायचा जुना आडाखा कोकणात बहुतेकांना ठाऊक असतो, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी साधारण सहा तास, सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. हा अंदाज झाला, नक्की वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्यावी. पण अपूर्णांकांचं याहून चांगलं उदाहरण मला तरी पुस्तकात सापडलेलं नाही.

“पण गुणांचं काय, सर?” हा प्रश्न येणारच. स्पर्धेत पाठ केलेल्या गुळगुळीत निबंधाला बक्षीस आणि खऱ्या, अडखळत लिहिलेल्या दहा ओळींना ‘शेरा: सुधारणा हवी’, असं मी पाहिलंय. ते बदलणं परीक्षकांच्या हातात आहे, म्हणजे आपल्याच. निदान घटक चाचणीत तरी सुरुवात करता येईल: पाहिलेल्या प्रत्येक खऱ्या तपशिलाला अर्धा गुण, सुभाषिताला शून्य.

शनिवारी सकाळची शाळा असते. चतुर्थीच्या आसपासचा एखादा शनिवार कॅलेंडरात शोधून ठेवा. मुलांना वही नको, फक्त पेन्सिल आणि एक कोरा कागद. चपला बनातच काढू नका म्हणावं, सुरूची वाळलेली बोंडं पायाला फार टोचतात.