पोकळ अक्षरांची कैफियत

बालनाट्याच्या जाहिरातीत, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा गणेशोत्सवाच्या कमानीवर, नुसत्या थरथरत्या बाह्यरेषेने साकारलेले आणि आतून कोरेच ठेवलेले एखादे खेळकर अक्षर दिसले, म्हणजे चित्रकलेच्या वहीत स्वतःच्या नावाभोवती रेघ ओढून आत रंग भरण्याच्या वयाचे स्मरण होऊन मन प्रसन्न होते. आणि म्हणूनच अशा अक्षराला क्षुल्लक गंमत समजून त्याच्या घडणीविषयी बेफिकीर राहण्याची आपल्या छपाईच्या व्यवहारातील रीत मला मुळीच मान्य नाही.

रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. प्रत्येकाची कड आपापल्यापुरती मिटवली तरी शब्द बिघडत नाही. देवनागरीचा शब्द मात्र शिरोरेषेने एकत्र बांधलेला असतो, आणि संगणकात ही रेषा अखंड नसून प्रत्येक अक्षराच्या व प्रत्येक कान्याच्या माथ्यावरील तुकडे एकमेकांवर किंचित चढवून ती साधलेली असते. भरीव ठशात, म्हणजे फाँटमध्ये, हा सांधा कोणाच्या नजरेस येत नाही. परंतु छापखान्यात घाईघाईने एखाद्या भारदस्त ठशाचे पोट रिकामे करून त्याची नुसती कड ठेवली, की सांध्यासांध्यावर आडव्या-उभ्या रेघा उमटतात आणि शब्दाला कुंपणाची कळा येते. खऱ्या आरेखकास शिरोरेषेची दोन्ही टोके उघडी ठेवून ती केवळ शब्दाच्या आरंभी व अंती मिटवण्याची तजवीज करावी लागते, आणि तीच दक्षता वेलांटी, मात्रा, रफार व जोडाक्षरे या साऱ्यांच्या बाबतीत घ्यावी लागते. पाहणाऱ्यास पोरखेळ वाटणाऱ्या अक्षरामागे असे दीर्घ परिश्रम असतात.

अशा थरथरत्या रेषेच्या, हस्तरेखित म्हणवणाऱ्या ठशाची खरी परीक्षा तर आपल्या घरातल्याच शब्दांत होते. बाबा, मामा, काका, दादा! मनुष्याचा हात लागोपाठचे दोन ‘मा’ कधीही तंतोतंत सारखे काढत नाही. यंत्र मात्र पहिल्याचीच हुबेहूब नक्कल शेजारी उभी करते आणि हस्तलेखनाचा सारा आभास तत्क्षणी लोपतो. यावर उपाय एकच: एकेका अक्षराची दोन-तीन रूपे काढून ती आळीपाळीने यावीत असा नियम ठशातच घालणे.

आपल्याकडे या विद्येची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. 2020 साली दिवंगत झालेले कमल शेडगे यांनी वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षके हाताने रेखाटली आणि नाटकागणिक अक्षराला निराळा स्वभाव दिला. संगणकाच्या काळात मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने ‘मोदक’ नावाचा ठसा सर्वांना विनामूल्य उपलब्ध केला. तो पोकळ नव्हे, उलट इतका गुबगुबीत की अक्षराच्या आतली जागा बारीक चिरेइतकीच उरते, परंतु देवनागरीच्या वळणांतूनच विनोद कसा उपजतो याचा तो उत्तम नमुना आहे.

पोकळ अक्षराने आपली पायरी ओळखावी हेही खरेच. लग्नपत्रिकेचा सबंध मजकूर त्यात छापला, तर बारीक आकारात दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि मुहूर्ताची वेळसुद्धा वाचता येत नाही. त्याचे स्थान शीर्षकात, तेही दोन-चार शब्दांपुरतेच.

प्रकाशकांना आणि उत्सव मंडळांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढल्या खेपेस असे शीर्षक करवून घेताना कमानीच्या रोषणाईबरोबर अक्षर काढणाऱ्याचे मानधनही खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावे.