एकट्या ट्रोम्बोनची मैफल

जॅझ म्हटलं की ट्रम्पेट आठवतो, सॅक्सोफोन आठवतो. ट्रोम्बोन? मागच्या रांगेत नळी पुढे-मागे सरकवणारा गडी, एवढीच त्याची ओळख! पण लंडनच्या ग्रीनिचमध्ये १९४० साली जन्मलेल्या पॉल रदरफर्डने हे वाद्य घेऊन एकट्याने अख्ख्या मैफली केल्या.

आता यात अडचण काय, तर पियानोवर एका वेळी बरेच सूर वाजतात, ट्रोम्बोनवर एकच. आपल्या भाषेत, सिंगल-थ्रेडेड मामला! रदरफर्ड फुंकता फुंकता त्यातच गायचा. गळ्यातला आणि वाद्यातला सूर एकमेकांत मिसळले की भलतेच नवे सूर ऐकू येतात. जर्मनीत आल्बर्ट मांगेल्सडॉर्फही त्या काळात हेच तंत्र वापरत होता. पण रदरफर्डने श्वास, थुंकीची खरखर, कण्हणं-पुटपुटणं, सगळंच संगीतात घेतलं, तेही आधी काहीही न लिहिता. १९७४ मध्ये लंडनच्या युनिटी थिएटरमधल्या अशा वादनाची 'द जेंटल हार्म ऑफ द बुर्झ्वाझी' ही रेकॉर्ड निघाली. नावात ब्यून्युएलच्या सिनेमावर कोटी आहे. गडी पक्का डावा. १९७० साली डेरेक बेली आणि बॅरी गाय यांच्याबरोबर काढलेल्या ड्रमविना त्रिकुटाला त्याने लेनिनच्या वर्तमानपत्राचं नाव दिलं, 'इस्क्रा १९०३'.

आता त्याचा रेझ्युमे बघा. सुरुवात हवाई दलाच्या बँडमध्ये. तिथेच जॉन स्टीव्हन्स आणि ट्रेव्हर वॉट्स भेटले, पुढे तिघांनी 'स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल' उभं केलं. मग ग्लोब युनिटी, माइक वेस्टब्रुकचा वाद्यवृंद, सॉफ्ट मशीनबरोबर मोजकेच कार्यक्रम. २००७ मध्ये तो गेला. यात प्रमोशन कुठे आहे? एचआरवाले 'फोकस नाही' म्हणून बाजूला ठेवतील!

मला नेमकं उलटं वाटतं. इतका फोकस क्वचितच दिसतो. बँड बदलले, माणसं बदलली, पण एकच प्रश्न त्याने सोडला नाही: या नळीतून अजून काय निघू शकतं?

उगाच रोमँटिक व्हायला नको. घराचा हप्ता अशा प्रश्नांनी फिटत नाही, आणि हे संगीत ऐकणारे तेव्हाही मूठभरच होते. पण दर अप्रेझलला आपण 'मी कुठल्या लेव्हलला आहे' एवढंच विचारतो. माझ्या हातातल्या कामाची हद्द मी किती सरकवली, हे कोण विचारतं?

रेकॉर्ड जरूर ऐका. पहिली पाच मिनिटं डोकं उठेल. सहावं मिनिटही ऐका.