शुद्ध रक्ताचा मुतखडा

‘रक्तातच असावं लागतं’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पूर्वी हेच लोक खानदान म्हणायचे, बीज म्हणायचे, पूर्वपुण्याई म्हणायचे. आता जीन्स म्हणतात. राखीव जागांचा विषय निघाला की मेरिट जीन्समध्ये असतं. पोरीनं खालच्या जातीतला पोरगा निवडला की जीन्स बिघडतात. मनूनं डार्विनचा मुखवटा चढवलाय. दोस्तांनो, तो ओढून बघू. त्यासाठी एका कुत्र्याची गोष्ट सांगतो.

डाल्मेशियन. पांढराशुभ्र, अंगभर काळे ठिपके. साहेबी घरातला. आईबाप दोन्ही नोंदवलेले डाल्मेशियन असले तरच पिल्लाला जातिवंत म्हणून कागद मिळणार, नायतर ते बाटगं. ठिपके गोल पाहिजेत, सुटे पाहिजेत, म्हणून माणसांनी पिढ्यान् पिढ्या ठिपके बघून जोड्या लावल्या. ठिपके मिळाले. पण जीनची नक्कल होताना कधी एखादं अक्षर चुकतं, त्याला म्युटेशन म्हणतात. शरीरात युरिक आम्लाची ने-आण करणाऱ्या जीनमध्ये अशी एक चूक झालेली होती. बंद कोंडवाड्यात ती पसरत गेली आणि सगळ्या जातिवंत डाल्मेशियनांत, आईकडून आणि बापाकडूनही, पक्की बसली. लघवीत युरिक आम्ल, आम्लाचे खडे, नराची लघवी कोंडली की मरणाची तडफड. शुद्धतेच्या दाखल्यासोबत मुतखडा फुकट!

आता आतल्या आत कितीही जोड्या बदला, चांगला जीन येणार कुठून? आत तो शिल्लकच नव्हता. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञानं दार उघडलं. डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला. पुढं दर पिढीत चांगला जीन आलेलं पिल्लू निवडून पुन्हा डाल्मेशियनशी जोडलं. पॉइंटरचा वाटा पिढीगणिक निम्मा होत गेला, चांगला जीन मात्र टिकला. त्याची एक प्रत असली तरी काम भागतं.

मग सत्कार झाला? छ्या! १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबानं अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, तर डाल्मेशियनवाल्यांनी बोंब ठोकली. नोंदी थांबल्या. दार पुन्हा उघडायला २०११ उजाडलं. तीस वर्षं निरोगी पिल्लू उंबऱ्याबाहेर आणि मुतखडेवालं गादीवर. आपल्याकडं याला विटाळ म्हणतात.

निसर्गाला असला विटाळ कळत नाही. सिकलसेल घ्या. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांवर हा आजार लोकांना चांगला ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एक अक्षर बदललेलं. ते आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर मलेरियाच्या मरणातून पोराला वाचवतं. दोघांकडून आलं तर जन्मभर कळा. अक्षर तेच. ते चांगलं की वाईट, हे जागा आणि वेळ ठरवते. उत्क्रांती ही शिडी नव्हे, की कुणी वरच्या पायरीवर बसावं आणि कुणी खालच्या.

यावर एखादा शहाणा म्हणेल, जात म्हणजे हजारो वर्षं केलेली निवडच की. थापा! निवड करायची तर गुण बघावा लागतो. जातीनं गुण कधी बघितला? रोगट असो, दारुडा असो, पोटजातीतला असला की जावई म्हणून चालतो. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा दावा उघडा पाडलाय. रक्तच राखायचं होतं तर सहभोजनाला बंदी कशाला? एका पंगतीत भाकरी खाल्ली म्हणून रक्त मिसळतं काय?

आणि हे शुद्ध रक्त तरी कुठलं? हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हिशेब मांडला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत सर्रास मिसळत होते. दारं नंतर बंद झाली. २०१७ च्या अभ्यासात अडीचशेवर समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्याच पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाला. म्हणजे तोच दुर्मिळ दोष आईकडूनही आणि बापाकडूनही पोराच्या वाट्याला यायचा धोका मोठा. बंद दारानं मेरिट साठवलं नाही, रोग साठवले.

माणूस काही कुत्रा नाही. जीन्स सुधारायला कुणी लग्न करू नये आणि कुणी कुणाच्या जोड्याही लावू नयेत. ज्याला जे माणूस आवडेल त्याच्याशी त्यानं संसार करावा. पण तेवढ्यासाठी या देशात आजही पोरंपोरी कोयत्यानं तोडली जातात. रक्त राखतो म्हणणारेच ते रस्त्यावर सांडतात.

म्हणून ही विद्या त्यांच्या हाती सोडायची नाही. जीवशास्त्राचं पुस्तक आपण उघडायचं. ‘रक्तातच असतं’ म्हणणाऱ्याला भर चौकात विचारायचं, कुठल्या जीनमध्ये? दाखव.