रुपयांतले बुकिंग आणि परकीय चलनाचा भुर्दंड

ऑनलाइन बुकिंग करताना पडद्यावर दिसलेली रक्कम आणि महिनाअखेर कार्डाच्या स्टेटमेंटवर आलेली रक्कम यांत फरक पडतो, तो तीन वाटांनी. बिल परकीय चलनात लागले असेल तर कार्ड देणारी बँक त्यावर मार्कअप घेते. भारतातील बहुतेक कार्डांवर तो २ ते ३.५ टक्के असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. दुसऱ्या वाटेने विक्रेताच परकीय रकमेचे रुपये करून दाखवतो. दर त्याचा आणि दरातला नफाही त्याचाच. व्यापारात याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. किंमत रुपयांत, बिलही रुपयांत, पण पैसे जमा करून घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली. अशा रुपयांतल्या व्यवहारावरही अलीकडे अनेक बँका १ टक्का किंवा त्याहून अधिक शुल्क आणि त्यावर जीएसटी आकारतात.

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. तिथल्या कुटुंबाच्या प्रवासात ही तिसरी वाट नेमकी कुठे उघडते, ते पाहण्यासारखे आहे. एलटीसी म्हणजे रजा प्रवास सवलतीवर विमानाने जायचे असेल, तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच काढावे लागते. तिघेही सरकारी, व्यवहार सरळ रुपयांत. पण एलटीसीत मिळते ते प्रवासभाडे. मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. तो मुक्काम मोबाइलवरून ठरतो आणि पैसे घेणारे संकेतस्थळ कोणत्या देशातले, हे पाहायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. समजा, गोव्यातील घरगुती निवासाचे २४,००० रुपये भरले. काही दिवसांनी स्टेटमेंटवर त्याखाली मार्कअपचे २४० रुपये येतात, त्याखाली जीएसटीचे ४३ रुपये २० पैसे. विक्रेत्याच्या नावापुढे ॲमस्टरडॅम किंवा सिंगापूर असे शहर छापलेले असते. खोली काणकोणात, पाहुणा दिल्लीचा, पैसे रुपयांत आणि शुल्क मात्र परदेशी व्यवहाराचे!

या शुल्काच्या समर्थनार्थ पहिला युक्तिवाद होतो तो संमतीचा. अटींत सगळे लिहिलेले असते, ग्राहक वाचत नाही, मग तक्रार कसली? यात बँकेपुरते तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. कार्ड देताना ग्राहकाला स्पष्ट न सांगितलेले आणि त्याची संमती न घेतलेले शुल्क लावता येणार नाही, दरात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवावे लागेल, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत घालून दिले. बँकेने मार्कअपचा दर आपल्या मुख्य अटींत छापला असेल, तर तिची बाजू बरीच सुरक्षित होते. मात्र शुल्काचा दर माहीत असणे वेगळे आणि समोरच्या व्यवहाराला ते लागू होणार हे माहीत असणे वेगळे. ‘परदेशी विक्रेत्याकडील रुपयांतल्या व्यवहारावर १ टक्का’ ही अट ग्राहकाने दहा वेळा वाचली, तरी रुपयांत किंमत दाखवणारा विक्रेता परदेशी आहे हे त्याला कुठून कळणार? कार्डाचा क्रमांक टाकण्यापूर्वी बँकेलाही ते माहीत नसते. त्या क्षणी ती माहिती एकाच पक्षाकडे असते, पैसे घेणाऱ्याकडे. म्हणून ती सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. वादाचा गाभा इथे आहे. बाकीचे मुद्दे याच्या भोवतीचे.

कायद्याचा कलही याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किमतीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड करून दाखवावी लागते. आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांतला एक ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे किमतीचा काही भाग दडवून तो टप्प्याटप्प्याने किंवा खरेदी पक्की झाल्यावर उघड करणे. यावर संकेतस्थळांचे उत्तर तयार असते. शुल्क बँक लावते, ते आमच्या हातात नाही. आणि हाताबाहेरच्या कारणाने किंमत बदलली तर मार्गदर्शक तत्त्वांतच सूट आहे. हे उत्तर अर्धेच खरे आहे. शुल्क किती, हे संकेतस्थळाच्या हातात नाही, हे कबूल. पण पैसे भारतातील बँकेमार्फत घ्यायचे की परदेशातील, हा निर्णय पूर्णपणे त्याचाच असतो. स्वतःच्या निर्णयाचा परिणाम ‘हाताबाहेरचा’ कसा? भरणा करायच्या बटणावर ‘ही रक्कम परदेशात स्वीकारली जाईल, तुमची बँक वेगळे शुल्क लावू शकते’ एवढे एक वाक्य छापायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांची घासाघीस कितीही चालो, भाव ठरला की ठरला. पिशवी घरी पोहोचल्यावर वर आणखी एक टक्का मागायला कुणी दुकानदार येत नाही.

भारतात मिळणाऱ्या सेवेबाबत तर याहून भक्कम आधार आहे. उबरने दिल्लीत व्यवसाय सुरू केला तेव्हा कार्डाचे पैसे परदेशी मार्गाने जात आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी टळत असे. त्यावरून टॅक्सीवाल्यांनी ओरड केली. २२ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने निःसंदिग्ध सांगितले की, भारतात दिलेल्या कार्डाने भारतातच मिळणाऱ्या वस्तूंचे वा सेवांचे ऑनलाइन पैसे भरले, तर ते भारतातील बँकेमार्फतच स्वीकारले पाहिजेत आणि व्यवहार भारतीय चलनातच मिटला पाहिजे. उबरला मार्ग बदलावा लागला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उबरचे भाडे भरण्यासाठी पेटीएमचे वॉलेट आले. काणकोणातल्या खोलीला हाच न्याय का लागू नये? ‘आम्ही खोली विकत नाही, ओळख करून देण्याची सेवा परदेशातून देतो’ हा बचाव पुढे येतो. तो टिकला, तर फार तर दलालीच्या रकमेपुरता टिकेल. ग्राहकाने भरलेल्या पैशांतला मोठा वाटा खोलीच्या भाड्याचा असतो आणि खोली गोव्यातून हलत नाही. परिपत्रक बँकांना उद्देशून होते, त्यामुळे त्याच्या आधारे परतावा आपोआप मिळत नाही, हे मान्य. तरी अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार मांडताना ते वजनदार ठरते.

परदेशातल्या मुक्कामाची गोष्ट निराळी. बँकॉकच्या हॉटेलचे बिल परकीय चलनात लागले तर मार्कअप रास्त आहे आणि त्यावर कांगावा करू नये. तिथे घोटाळा होतो तो ‘रुपयांत भरा, निर्धास्त राहा’ या आग्रहाने. ६०० डॉलरचे बिल आणि कार्ड नेटवर्कचा दर डॉलरला ८५ रुपये धरला, तर ५१,००० रुपये होतात, ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी मिळवून ५३,१०६ रुपये. विक्रेत्याने आपला दर ४ टक्के चढा लावून रुपये केले, तर ५३,०४०. हा आकडा कमी दिसतो. पण त्यावर बँकेचे १ टक्का शुल्क आणि जीएसटी बसला की ५३,६६६. स्वस्त म्हणून निवडलेला पर्याय ५६० रुपयांनी महाग! व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांत चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे. दर आणि त्यातला अधिभार दाखवल्याशिवाय विक्रेत्याने परस्पर रूपांतर करायचे नसते. युरोपीय संघाने एक पाऊल पुढे जाऊन एप्रिल २०२० पासून हा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवणे सक्तीचे केले. भारतात अशी सक्ती करायला हरकत कोणती, याचे समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही.

कंपनी परदेशी, तिला इथला कायदा कसा लागणार, हा आणखी एक नेहमीचा आक्षेप. ई-कॉमर्स नियमांत याचे उत्तर आहे: भारतात स्थापन न झालेली, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा देऊ करणारी कंपनीही त्यांच्या कक्षेत येते. तिने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. अटींत लवादाचे कलम असले म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम केले. अडचण आहे ती अंमलबजावणीची. भारतात कार्यालय किंवा मालमत्ता नसलेल्या कंपनीकडून आदेशाचे पैसे वसूल करणे दुरापास्त असते. म्हणूनच पहिला अर्ज बँकेकडे करावा. बिलाला हरकत घेतली की ३० दिवसांच्या आत खुलासा, गरज पडल्यास कागदोपत्री पुराव्यासह, देणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की ग्राहकावर शून्य दायित्व, हा २०१७ चा नियम इथे पुढे करू नये. तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे; ग्राहकाने स्वतः केलेल्या बुकिंगवरच्या शुल्कासाठी नाही.

‘मार्कअप आणि जीएसटीच्या २८३ रुपयांसाठी कोण कोर्टात जाणार?’ हा प्रश्न ग्राहकच विचारतो आणि विक्रेत्याचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाची इमारत सरोजिनी नगरच्या शेजारी आयएनए परिसरात आहे, दोघांचा पिनकोडही एकच, ११००२३. पण तिथे मूळ तक्रार लागते ती २ कोटींवरच्या मोबदल्याची. लहान रकमेसाठी जिल्हा आयोग. ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ‘अटच अन्याय्य आहे’ असा दावा असेल तर मात्र तो राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण बऱ्याचदा मध्यस्थीनेच काम होते. समान हिताच्या अनेक ग्राहकांची एकत्र तक्रारही कायद्याला मान्य आहे.

तक्रारीचे यश पुराव्यावर अवलंबून राहते. भरणा करण्यापूर्वीच्या पानाचा स्क्रीनशॉट, बुकिंगची ई-मेल पावती आणि विक्रेत्याचे शहर दाखवणारे स्टेटमेंट, हे तीन कागद हवेतच. ओटीपी न मागता पैसे गेले असतील, तर व्यवहार परदेशी मार्गाने गेल्याची ती बहुधा खूण असते. बुकिंग रद्द झाले तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि मार्कअप बहुधा परत मिळत नाही. तेव्हा मागणीत मूळ रक्कम, मार्कअप आणि जीएसटी हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. ज्याला हा प्रकार मुळातच टाळायचा आहे, त्याने कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावी. मग रुपयांत दिसणारा परदेशी भरणाही नाकारला जातो आणि विक्रेता कुठला, ते पैसे जाण्यापूर्वीच कळते.