‘खात नाही’ म्हणजे नेमकं काय?

“डॉक्टर, हा काहीच खात नाही हो!” हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येतं. सोबत आजी असल्या तर पुढचं वाक्यही ठरलेलं: “हिला नीट भरवताच येत नाही.” आई बिचारी गप्प. म्हणून आज आधी तिची बाजू.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. दीड वर्षाचं मूल अर्ध्या पोळीवर थांबलं, तर त्यात आईचा काही दोष नसतो.

मी दोन गोष्टी मात्र विचारते. दूध किती? दिवसाला लीटरभर दूध प्यायल्यावर वरणभाताची भूक कुठून लागणार? वर्षानंतर अर्धा लीटर पुरे. दुधात लोह अगदी कमी असतं, आणि अंगातलं लोह घटलं की भूक आणखी मरते. दुसरं, मिक्सर कधी सुटला? आठ-नऊ महिन्यांपासून गुरगुट्या भात, हातानं कुस्करलेली भाजी दिली नाही, तर मूल चावायला शिकणार कसं?

काही मुलांना मात्र खरंच खाता येत नाही. अडीच वर्षांच्या एका मुलावर घरात ‘हट्टी’ असा शिक्का बसला होता. तो पाणी पितानाही ठसकायचा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. अडचण गिळण्याची होती. स्पीच थेरपिस्टनं काही महिने सराव करून घेतल्यावर तो वरणात कुस्करलेली पोळी खाऊ लागला. वारंवार ठसका, खाताना ओलसर घरघरता आवाज, गालात साठवलेला घास, न वाढणारं वजन, आवडीचे पदार्थही एकेक सुटत जाणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांसाठी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली वाटणी मला पटते: काय, कधी, कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते. आपल्या इंदूरच्या घरांत शेवेचा डबा सदा उघडा, तो जेवणाआधी दोन तास बंद ठेवा. मोबाईलही.

चिऊ-काऊचा घास जरूर भरवा. पण मुलानं तोंड मिटलं की ताट उचला, आणि सुनेला बोल लावू नका.